शुक्रिया म्हणायचं राहिलं

बोसनचाचांना बसायला तीन खुर्च्या लागत. एक बुडाखाली, एक समोर पाय टेकायला आणि तिसरी बाजूला, तिच्या पाठीवर डावा हात टाकायला. दुबईत ऊद मेथातल्या आमच्या इमारतीखाली एक कॅफेटेरिया आहे. त्याच्या फुटपाथवर मोजक्याच खुर्च्या. चाचा आले की तो मल्याळी मालक हात जोडायचा. चाचा म्हणायचे, "हबीबी, माणूस बसला की सगळाच बसला पाहिजे. नुसतं बूड टेकलं तर त्याला थांबणं म्हणतात, बसणं नाय."

चाचा रत्नागिरीकडचे. सगळी उमर ग्रीक मालकांच्या मालवाहू जहाजांवर काढून, बोसन म्हणजे खलाशांचे मुकादम होऊन उतरले आणि म्हातारपणी मुलाकडे, इम्रानकडे, दुबईला आले. इम्रान आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मी कागदी कप हातात घेऊन, फोनवर मीटिंग ऐकत लिफ्टमध्ये शिरायचो तेव्हा चाचा माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं बघायचे. "काय इंजिनियर, औषध घेतोस वाटतं? घाईघाईत घशाखाली घालतात ते औषध. कॉफी अशी पितात होय?"

ते स्वतः लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळायचे. कप एवढासा, शेजारी मोठा ग्लास थंड पाणी, आणि ती एक कप कॉफी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानपर्यंत पुरायची. माझ्या कंपनीत छाटणी झाली आणि मी घरी बसलो, तेव्हा रोज संध्याकाळी आमची बेल वाजायची. "यल्ला, चल, कॉफी." बस, एवढंच. नोकरीचं काय झालं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाकी अख्खं गणगोत विचारत होतं, अगदी सोलापूरचे आमचे मेहुणेसुद्धा, ज्यांनी स्वतः आयुष्यात नोकरी केलेली नाही. त्या दिवसांत मी वेडा झालो नाही, याचं श्रेय बायको स्वतःकडे घेते. थोडं चाचांचंही आहे.

तर हे तीन खुर्च्यांचं शास्त्र चाचा एका ग्रीक बेटावर शिकले होते. तरुणपणी त्यांचं जहाज तिथे दुरुस्तीला लागलं आणि यांना कावीळ झाली. बंदरावरच्या खेड्यात एक कॉफीचं दुकान होतं, नवराबायको चालवायची. त्या बाईने यांना दुकानावरच्या खोलीत नेऊन ठेवलं. हे डुकराचं खात नाहीत हे कळल्यावर नवं पातेलं आणलं आणि त्यात फक्त यांचाच भात शिजवला. चाचा तिला मारियाबाय म्हणत. "बरा झालो तसा एक दिवस भोंगा वाजला. एजंट धावत आला, चल म्हणाला. बाय बाजारात गेलेली. तसाच जहाजावर चढलो. शुक्रिया म्हणायचं राहिलं रे." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती, की भोंगा कधी वाजणार हे मलाच आधी कळायचं.

मला पुन्हा नोकरी लागली आणि बायकोने ग्रीसची सहल ठरवली. पांढरी घरं, निळे घुमट, सूर्यास्त. चाचांना कळलं तेव्हा ते कप खाली ठेवून म्हणाले, "मला पण न्या. बाय आहे की नाय, ठाऊक नाय. पण मी तर अजून आहे." इम्रान म्हणाला, "अब्बा, गुडघे बघा आपले." मी मात्र लगेच हो म्हणालो. यात फार मोठेपणा नव्हता. माझा हिशेब असा की चाचांना ग्रीक येतं, म्हणजे गाइड घरचाच.

चाचांच्या त्या बेटावर उतरल्यावर चाचांनी टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला. त्याने गचकन ब्रेक मारला आणि हसता हसता डोळे पुसले. चाचांचं ग्रीक जहाजाच्या डेकवरचं होतं. अर्धे हुकूम, अर्ध्या शिव्या. आमच्या ईशाला ते भारी आवडलं. "ही इज सो कूल, बाबा!" मग तिनेच फोनमध्ये शोधून चाचांना सभ्य भाषेतलं आभाराचं भाषण लिहून दिलं आणि चाचा रात्रभर ते घोकत बसले.

रविवारी सकाळी कॉफीच्या त्या दुकानात शिरलो. काथ्याने विणलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात फासे टाकणारे म्हातारे, आणि गल्ल्यामागे काळ्या झग्यातली, काटकुळी, ऐंशीपुढची एक बाई. चाचांनी टोपी काढली. बाईने चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. चाचा आमच्याकडे वळले. "सुटलास, म्हणते. पोट सुटलं म्हणते!" आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

चाचांनी भाषण सुरू केलं. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईने मोरावळ्यासारख्या कसल्याशा गोड फोडी आणि थंड पाणी समोर ठेवलं. दुसऱ्यांदा सुरू केलं, तर चीज आलं. तिसऱ्यांदा ऑलिव्ह. तोंड उघडलं की बशी. शेवटी चाचा रुसले. "इतक्या लांबून आलो, आणि ही मला पाहुण्यासारखी खाऊ घालते. ऐकूनच घेत नाय."

तेवढ्यात चर्च सुटलं आणि अख्खं गाव आत आलं. हाताखालची मुलगी रजेवर. बाई एकटी, दहा जण हाका मारतायत. मदत करावी म्हणून मी उठलो, तर तिने खांद्याला धरून मला खुर्चीत परत दाबलं. मग चाचांकडे वळली, त्यांच्या हातात ट्रे कोंबला आणि अशी ओरडली की फासे खेळणारे थांबले. दुखऱ्या गुडघ्यांचा तो माणूस ताडकन उठला. दुपारपर्यंत चाचा टेबलांमधून कॉफ्या फिरवत होते, बाईच्या शिव्या खात होते, तिला डेकवरच्या शिव्या परत देत होते. सगळं दुकान हसत होतं. शेवटी ते मोरीपाशी उभे राहून कप विसळत होते.

परतीच्या बोटीत मी म्हटलं, "चाचा, शुक्रिया राहिलंच की!"

"अरे इंजिनियर, तिनं माझ्याकडून कप विसळून घेतले. पाहुण्याला कोण विसळायला लावतं?" चाचा समुद्राकडे बघत म्हणाले. "आता शुक्रिया म्हटलं असतं ना, तर बाय रागावली असती."

पुढच्या वर्षी चाचा रत्नागिरीला आपल्या गावी राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात तिथेच गेले. दुपारची, जोहरची नमाज झाली, ओसरीवर टेकले, आणि खलास. इम्रानने जिन्यातच सांगितलं. मी त्याचा हात धरून उभा राहिलो.

मारियाबायला कळवायला हवं, हे ईशाला सुचलं. तिने दुकानाचा नंबर शोधला. बाईच्या नातीने फोन घेतला. तिला इंग्रजी येत होतं. ईशाने सांगितलं. पलीकडून फाशांचा, बोलण्याचा गलका ऐकू येत होता. नात काहीतरी ओरडून म्हणाली आणि गलका हळूहळू थांबला. मग खुर्च्या सरकल्या, खूप खुर्च्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"दे आर क्लोजिंग द शॉप, बाबा."

"भर दुपारी? का गं?"

ईशाने विचारलं. उत्तर ऐकून ती, तिच्या सवयीच्या उलट, मराठीत म्हणाली, "गावातलं कुणी गेलं की त्या दिवशी बंद ठेवतात म्हणे."