संघर्षरथाचं इंजिन

माझ्या चुलतभावाला त्याच्या वडिलांची जुनी जीप चौथऱ्यावर चढवायची होती आणि मला ती रस्त्यावर आणायची होती. भांडण एवढंच होतं, पण आमच्याकडे एवढ्याशा भांडणालाही मांडव लागतो.

चुलतभाऊ माजलगावकडच्या आमच्या गावी राहतो. लोक त्याला ‘भाऊ’ म्हणतात. मी त्याचा रक्ताचा भाऊ, तर मला तो चारचौघांत ‘सर’ म्हणतो. कारण मी अंबाजोगाईला एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि त्याच्या फ्लेक्सवर नावापुढे ‘सर’ असलेला एक तरी चेहरा त्याला लागतो. माझा चेहरा तिथे खालून दुसऱ्या ओळीत, एका खत-दुकानदाराच्या शेजारी असतो.

जीप पेट्रोलवर चालणारी. चुलते सरपंच असताना त्यांनी ती लिलावात घेतली होती. अलीकडे फ्लेक्सवर तिचा उल्लेख ‘संघर्षरथ’ असा होऊ लागला. तिने पाहिलेला संघर्ष मला ठाऊक आहे. तो मुख्यतः तिला ढकलण्याचा होता. चुलते तिच्यातून कडबा आणत, शेळ्या बाजारात नेत आणि दाढ दुखली की दवाखान्यात जात. मी गाडी चालवायला तिच्यावरच शिकलो. चुलते शेजारी बसून शिव्या द्यायचे, आणि त्या शिव्यांमध्ये कोणता गिअर कधी टाकायचा हे चोख सांगितलेलं असायचं. त्यानंतर मला कोणी इतकं मन लावून काही शिकवलं नाही. ते गेले आणि जीप शेडात कोंबड्यांच्या ताब्यात गेली.

मग भावाला स्मारक सुचलं. गावाच्या तोंडाशी ग्रॅनाइट लावलेला चौथरा झाला. जीपला सोनेरी रंग द्यायचा, चाकं चौथऱ्याला वेल्डिंगने जखडायची आणि उगाच वजन नको म्हणून इंजिन काढून भंगारात घालायचं, असं ठरलं. मी त्याच्या बैठकीत जाऊन म्हटलं, “मला दे ती जीप. मी दुरुस्त करतो.”

बैठक हसली. भावाने हात वर केला, तशी हसायची थांबली.

“सर, चालू करून दाखवा, जीप तुमची. न्हाई झाली, तर कार्यक्रमाच्या दिवशी चौथऱ्यावर. सगळ्यांदेखत सांगतो.”

सगळ्यांदेखत सांगितल्याशिवाय त्याला स्वतःचं बोलणंही खरं वाटत नाही. पण या सवयीचा मला फायदा झाला. आता त्याला माघार घेता येणार नव्हती.

गेवराईला माझा एक वर्गमित्र जनावरांचा डॉक्टर आहे. जुन्या मोटारसायकली उघडून पुन्हा जोडणं हा त्याचा छंद. गायी-म्हशींपेक्षा इंजिन बरं, त्याचा मालक शेजारी उभा राहून रडत नाही, असं तो म्हणतो. नम्रता हा गुण त्याच्यात औषधालाही नाही. त्याने शेडात येऊन कोंबड्या हाकलल्या, बॉनेट उघडलं आणि आत बघून म्हणाला,

“मास्तर, हे इंजिन हाय का उंदराचं बाळंतघर?”

“होईल का?”

“मी हात लावल्यावर न होऊन जाईल कुठं?”

गाडी शेडाबाहेर न्यायला भावाची मनाई होती, म्हणून फक्त इंजिन काढलं आणि पिकअपमध्ये घालून गेवराईला नेलं. हिवाळाभर मी दर रविवारी तिथे जात होतो. एक पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. तो डिझेलमध्ये भिजवून, लाकडाचा ठोकळा लावून ठोकत बाहेर काढला. सिलिंडर लेथवाल्याकडून नव्याने कातून आणले. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे होतं, कारण डॉक्टरच्या मते इतिहासाच्या प्राध्यापकाला तेच तेच गोल गोल फिरवायची सवय असते.

इंजिन परत आणून शेडात बसवायला लागलो, तेव्हा सल्लागार जमले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं निम्मं आमच्याभोवती. “डिझेलचं टाका ना सर,” असं प्रत्येक जण म्हणून गेला. एकाने “काहून येवढा खटाटोप करता?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या ट्रॅक्टरची सगळी हकीकत सांगितली. भावाचा एक कार्यकर्ता रोज येऊन मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढायचा. त्यात आम्ही दिसत नसू. तो दिसायचा आणि त्याच्या खांद्यामागे डॉक्टरची पाठ.

कार्यक्रम म्हणजे वडिलांचं पुण्यस्मरण आणि चिरंजीवांचा, म्हणजे भावाचाच, वाढदिवस. दोन्ही तारखांमध्ये बरंच अंतर आहे, पण मांडव एकच परवडतो आणि भाऊ एवढा भावनाप्रधान आहे की दुःख आणि केक त्याला एकाच दिवशी पेलतात. सकाळी लवकर, माणसं यायच्या आत इंजिन चालू करून बघायचं, असा आमचा बेत होता. डॉक्टरने एअर फिल्टर काढून ठेवला. पहिल्यांदा चालू करताना कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात थोडं पेट्रोल ओतावं लागतं, त्यासाठी. एवढ्यात भाऊ स्वतः आला.

“थांबा. मुहूर्त काढलाय. माझ्या हस्ते व्हायचं हाय.”

“भाऊ, एकदा बघू तर द्या,” डॉक्टर म्हणाला.

“ड्रोनवाला आल्याबगर न्हाई.”

तेव्हा मला त्याचं राजकारण कळलं आणि थोडं कौतुकही वाटलं. चालू झाली तर त्याच्या हस्ते. नाही झाली तर वडिलांच्या चरणी. पोरांनी जीप ढकलत मांडवासमोर नेली. तिथे क्रेन उभी होती. आधी क्रेनने भावाला बैलगाडीत न मावणारा हार घालायचा आणि नंतर त्याच क्रेनने जीप उचलायची, असा दुहेरी वापर ठरला होता.

मग सत्कार सुरू झाले. आमच्या भागात माणूस मांडवात शिरला की त्याचा सत्कार होतो. तो कोण हे नंतर विचारतात. मला फेटा, शाल आणि नारळ मिळाला. डॉक्टरला फेटा बांधायला आलेल्याला तो म्हणाला, “पंख्यात अडकला तर माझं मुंडकं तू शिवणार का बे?” तरी त्यालाही धरून स्टेजवर नेलंच. सूत्रसंचालकाने त्याची ओळख ‘प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ’ अशी करून दिली. डॉक्टरने माइक मागितला, पण तो मिळाला नाही.

आम्ही असे स्टेजवर शालीत अडकलेलो असताना खाली गुरुजींनी जीपची पूजा मांडली. नवी गाडी असो, विहिरीवरची नवी मोटार असो, बोअरवेल असो, हळद-कुंकू आणि अक्षता पडल्याशिवाय आमच्याकडे काही फिरत नाही. त्याला माझा विरोध नाही. विरोध जागेला आहे. गुरुजींनी बॉनेटखाली वाकून बघितलं. सगळ्या काळ्या लोखंडात वर तोंड करून उघडी असलेली एकच वस्तू त्यांना दिसली. तीच मुख्य असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि मंत्र म्हणत कार्ब्युरेटरच्या तोंडात यथासांग हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता सोडल्या.

डॉक्टर स्टेजवरून ओरडला. लोकांना वाटलं घोषणा आहे. त्यांनी जोरात ‘विजय असो’ म्हटलं.

आम्ही खाली पोहोचेपर्यंत भाऊ जीपमध्ये बसून सेल्फ मारत होता. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, दमलं, आणि एकदम ‘फट्’ असा आवाज होऊन कार्ब्युरेटरच्या तोंडातून सगळ्या अक्षता बाहेर उडाल्या. वाकून बघणाऱ्या खत-दुकानदाराच्या मिशीत कुंकवाने रंगलेले तांदूळ बसले. गुरुजी म्हणाले, “शुभ आहे.” भावाने आणखी सेल्फ मारला. बॅटरी मरायला आली. मग तो शांतपणे उतरला, आणि माइक त्याच्या हातात आपोआप आला.

“बंधूंनो, सरांनी लई कष्ट घेतले. पण ह्या संघर्षरथालाच चालायचं न्हाई. त्याला माझ्या वडलांच्या, साहेबांच्या चरणी बसायचं हाय!”

टाळ्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. जेवणं झाली की क्रेन लागेल, असं जाहीर झालं आणि सगळा समाज पंगतीकडे पळाला. यंत्राला इच्छा असते आणि ती नेमकी वक्त्याला सोयीची असते, हे मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं. मला राग आला होता, पण त्याहून वाईट म्हणजे भीती वाटत होती. पंगत उठायला वेळ लागत नाही. तेवढ्यात झालं नाही, तर चुलत्यांची जीप सोनेरी होऊन, चाकं जखडून, कायमची पोज देत उभी राहणार होती.

डॉक्टरने बाह्या सरसावल्या.

“मास्तर, वेळ हाय. इंजिनला काई झालं न्हाई. नरड्यात प्रसाद अडकलाय.”

त्याने जागेवरच कार्ब्युरेटर उतरवला आणि उघडला. पेट्रोल जिथून फवारलं जातं ती केसाएवढी भोकं हळद-कुंकवाने बुजली होती. पेट्रोल पुरेसं येत नव्हतं, म्हणून इंजिन खोकत होतं. मी वायरमधली तांब्याची एक तार सोडवून दिली. तो तारेने टोकरायचा, तोंडाने फुंकायचा आणि प्रत्येक फुंकरीला एकाला शिवी द्यायचा. गुरुजींपासून सुरुवात करून तो सूत्रसंचालकापर्यंत आला. शेवटचं भोक मोकळं झालं तेव्हा त्याचे ओठ सवाष्णीच्या कपाळासारखे लाल झाले होते. मी आमच्या सत्काराच्या शालीने सगळे भाग पुसले. त्या शालीचा हा एकच उपयोग मी आजवर पाहिला आहे.

बॅटरीसाठी डॉक्टरने आपली गाडी शेजारी लावून तारा जोडल्या. कार्ब्युरेटर बसवला. मी सेल्फ मारला. पंगतीला डीजे लागला होता. जमीन थरथरत होती, जीप थरथरत होती, क्रेनवरचा हार थरथरत होता. इंजिन चालू झालं की नाही, काहीच कळेना.

“झालं का?” मी ओरडलो.

“काय?”

“झालं का चालू?”

डॉक्टरने गाडीतून स्टेथोस्कोप आणला, कानाला लावला आणि दुसरं टोक इंजिनवर टेकवलं. एका सिलिंडरवर, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. म्हशीचा गर्भ ऐकतानाही तो इतका गंभीर होत नसेल. मग त्याने माझा फेटा उडवला, स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला, आणि डीजेच्या त्या सगळ्या गदारोळाखाली मला ते ऐकू आलं. टक टक टक टक, एकसारखं, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. चुलते शेजारी असते तर नक्की काय म्हणाले असते ते छापण्यासारखं नाही.

“आता कुणाला दाखवायचं हे?” मी म्हटलं. “ऐकू तर येत नाही कुणाला.”

“ऐकू येत न्हाई, पण दिसंल की. गिअर टाक.”

“ब्रेकचं काम राहिलंय.”

“तू पहिल्यातच चालव. माणूस चालतो त्याच्याहून हळू जाईल. हँडब्रेक हाय थोडासा.”

डॉक्टर तारा काढून मागे चढला, मी पहिला गिअर टाकला आणि जीप मांडवाकडे निघाली. पंगतीतली पहिली रांग जिलेबी हातात धरून उभी राहिली. डीजेवाल्याने आवाज कमी केला आणि तेव्हा इंजिन सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. भावाचा चेहरा क्षणभर उतरला, क्षणभरच. पुढच्या क्षणी तो धावत आला, चालत्या जीपमध्ये चढला आणि पुढची काच धरून उभा राहून हात जोडू लागला. कार्यकर्ते ओरडले, ड्रोन वर आला. मला वाटलं होतं मी जीप जिंकली. प्रत्यक्षात मी मिरवणुकीचा ड्रायव्हर झालो होतो.

“एक चक्कर मार, मग क्रेनपाशी घे,” तो ओठ न हलवता, हसरा चेहरा ठेवून म्हणाला. “चालू झाली, लई झ्याक. आता चालू हालतीत चौथऱ्यावर चढवू. आजून भारी दिसंल.”

“सगळ्यांदेखत बोलला होतास.”

“आरे, जीप तुझीच. फकस्त ठिवायची चौथऱ्यावर.”

मागे बसलेला डॉक्टर पुढे वाकला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “भाऊ, तुमाला सांगायचं राह्यलं. हिला ब्रेक न्हाईत.”

भावाचे जोडलेले हात तसेच राहिले. क्रेनकडे न वळता मी जीप रस्त्याला लावली होती आणि समोर वेशीबाहेरचा उतार होता. भाऊ त्या मिरवणुकीत प्रथमच खाली बसला.

“थांबव बे!”

“थांबत नाही. हळू होते,” मी म्हटलं, आणि ते खरं होतं. पहिल्या गिअरमध्ये ती उतारावरही रांगतच होती. पण रांगणाऱ्या गाडीची भीती माणसाच्या पदावर अवलंबून असते. मागे त्याच्या पांढऱ्या गाड्यांचा ताफा हॉर्न वाजवत येत होता.

“उतरव मला. घेऊन जा ही बला.”

“सगळ्यांदेखत सांग.”

उतार संपला, कालव्याकडचा चढ लागला. मी हँडब्रेक ओढला आणि जीप थांबल्यासारखी झाली. भाऊ उतरला, फेटा सारखा केला आणि मागून उतरून आलेल्या माणसांकडे वळला. “साहेबांचा संघर्षरथ मी सरांना भेट दिला! जनतेत फिरू द्या त्याला!”

जयजयकार झाला. कुणीतरी मला दोन शब्द बोला म्हणून खुणावलं. चढावर इंजिन बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय मला काढता येत नव्हता, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले.