तीन पानांचे मामा

माझ्या मोठ्या मामांइतका शब्दांचा कंजूष माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्यालाही मामांसारखंच कुणीतरी लुबाडत असणार! मामा निवृत्त मास्तर. दिघोरीत धान पिकवतात आणि कथा लिहितात. मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी त्यांनी "लग्न आहे. या." एवढाच मजकूर दिला. छापखानेवाल्यानं घाबरून फोन केला, "गुरुजी, पन कोनाचं?" मामा म्हणाले, "आल्यावर दिसते." कथेचंही तेच. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, बायका चिखलात वाकलेल्या असताना मामा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून नवी कथा वाचतात. एक बांधी, म्हणजे शेताचा एक तुकडा, रोवून व्हायच्या आत ती संपलीच पाहिजे, आणि शेवटाला रोवणारे हात क्षणभर थांबले पाहिजेत. नाही थांबले, तर दोष कथेचा. घरी येऊन कापतात.

महिन्याची वर्गणी भरून हवी तितकी पुस्तकं वाचायच्या एका ॲपवर या कथा मीच चढवल्या. तेव्हा कथा असो की कादंबरी, वाचकानं थोडी वाचली की लेखकाला मोबदला सारखाच. कादंबरीकार ओरडत होते म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. मग नियम फिरला. जितकी पानं वाचली जातील तितकाच मोबदला! आणि मामांची कथा तर तिसऱ्या पानावर संपते. मी पडलो मोर्चे-पत्रकांतला माणूस, पेटलो. पानं मोजणाऱ्यांच्या धिक्काराचं पत्रक लिहिलं. मामांनी ते तपासलं आणि 'धिक्कार' एवढा एकच शब्द ठेवला. पण धिक्कार नेमका कुणाचा? कंपनीचं ऑफिस जिल्ह्यात नाही, मोर्चा न्यायचा कुठं? त्यात मामीनं विचारलं, "बाबू, मंग आधी पाचशे पानंवाल्यानं काय पाप केलं होतं?" मी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

तरी मी वाचन-आंदोलन पुकारलं. मामांची कथा वाचायला गावातल्या तीस जणी जमल्या. मामीनं मोबाइल हातात घेतला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. दोघी रडल्या. ॲपवर वाचक दिसला, एक.

शेवटी मामांनीच हात टेकले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली एक बाई नावेतून आपलं घर शोधायला जाते, ही त्यांची सगळ्यात लाडकी कथा. ती दोनशे पानांची करायला बसले. नावाड्याचं बालपण आलं, नावेच्या लाकडाचंही बालपण आलं. धुऱ्यावर वाचायला लागले, तर चार बांध्या रोवून झाल्या. हात एकदाही थांबले नाहीत. एक बाई चिखलातूनच ओरडली, "गुरुजी, ते बाई घरी कवा पोचन? का नावेतच म्हातारी करता तिले?" सगळ्या हसल्या. मामांनी कागद मिटले. त्याच दिवशी कथा पुन्हा तीन पानांची झाली. मी मोबदल्याचं काढलं, तर म्हणाले, "राहू दे."

परवा कुणा अनोळखी वाचकानं ती उघडली. तीन पानं, पूर्ण! मी मोबाइल नाचवत मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून तो आकडा पाहिला. मग हळूच म्हणाले, "बाबू, शेवटाले तो थांबला का? का लगेच दुसरं उघडलं?"

ते ॲपवर कुठंच दिसत नाही. मी सगळं खालीवर करून पाहिलं. पत्रकात मी आजवर एक ओळ खोटी छापली नाही. मामांना मात्र म्हणालो, "थांबला, मामा. लय वेळ थांबला."