बाजाराच्या वाराचे बस्ते

अदालतीत मिसली साचतात तसे किस्सेही साचतात. खटल्याच्या कागदांची मिसल हवी तेव्हा सापडत नाही. किस्सा मात्र कुणी पानाचा डबा उघडला की न शोधता बाहेर येतो. तालुक्याच्या मुन्सिफ अदालतीत वकिली सुरू करून मला आता दोन वर्षं झाली. अशील थोडे आहेत, किस्से पुष्कळ.

*

पुण्याला कायदा शिकून परतलो तो एक गोष्ट ठरवूनच. आपल्या मुलखातला कुणी माणूस नुसत्या कागदाच्या घोळामुळे हवालातीत बसता कामा नये. पहिल्याच दिवशी पेशकार करीमसाबना विचारलं, "फौजदारी मिसली कशा लावल्यात? चोरी वेगळी, मारपीट वेगळी, अशा?"

मुन्सिफसाहेबांपुढे, म्हणजे न्यायाधीशांपुढे, मिसली ठेवायच्या आणि तारखा द्यायच्या, हे काम करीमसाब वीस वर्षं करत होते. त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. लाल कापडात बांधलेले सात बस्ते. सोमवार, मंगळवार, बुधवार...

"हे पेशीचे, सुनावणीचे वार?"

"न्हाई, बाजाराचे. ज्या गावचा बाजार ज्या वारी, त्या गावच्या मिसली त्या बस्त्यात."

"आणि कलमं?"

"कलम कागदावर असतंय, वकीलसाब. माणूस गावात असतोय."

मला ही शुद्ध बेशिस्त वाटली. तसं मी बोललोही. त्यांनी मला पान लावून दिलं.

*

चपराशी शरणप्पाचं काम दारात उभं राहून तीनदा नाव पुकारायचं. तो पुकारायचा, "जनवाड्याचे रामण्णा, या की आता, साहेब वाट बघायलेत."

नवे मुन्सिफसाहेब हैदराबाद शहरातून आलेले, तरुण, कायद्याला पक्के. त्यांनी बजावलं, आरोपीला अण्णा म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी शरणप्पानं छाती भरून आरोळी दिली, "मुलजिम रामा हाजिर हो!" तीनदा. कुणी आलं नाही.

रामण्णा समोरच लिंबाखाली भाकर खात बसला होता. मी धावत गेलो. "अहो, तुम्हालाच पुकारलं ना?"

"मला?" घास तसाच हातात. "म्या तर कवाचा बघायलोय, कोन गुन्हेगार येतोय म्हनून."

*

माझा पहिला फौजदारी अशील म्हणजे जनवाड्याचा गुरप्पा. दावी आणि कासरे वळून बाजारात विकणारा. त्याच गावच्या माणिकरावांची म्हैस चोरीला गेली आणि तीन गावं पलीकडे ओढ्याकाठी बांधलेली सापडली. गळ्यात नवं दावं. दावं गुरप्पाच्या हातचं, म्हणून चोर गुरप्पा. दुसरा पुरावा नव्हता. तो जामिनावर सुटला होता. एक पेशी चुकली की वॉरंट आणि हवालात. घरात दावी वळणारे हात त्याचेच.

म्हैस मुद्देमाल म्हणून अदालतीच्या आवारात बांधली होती. एका सकाळी ती व्याली.

"यादीत जनावर एक, इथं दोन. हे कसं?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं.

करीमसाबनी यादीत ओळ वाढवली: मुद्देमाल, एक. मुद्देमालानं अदालतीत घातलेली भर, एक.

शरणप्पानं खरवस केला. साहेबांनी कायद्याचं पुस्तक दोनदा चाळलं. मनाई कुठंच सापडली नाही. मग त्यांनीही वाटी पुढे केली.

*

साहेबांचं आणि माझं एका बाबतीत पटलं: ते सात बस्ते मोडायचे. आम्ही दोघांनी चार दिवस खपून मिसली कलमवार लावल्या. चोरी, मारपीट, शिवीगाळ. प्रत्येकीला पाटी, तारखा ओळीनं.

"सुरेख दिसायलंय," करीमसाब म्हणाले.

पुढच्या सोमवारी चोरीच्या पाच मिसली होत्या. शरणप्पानं पाचही नावं तीन-तीनदा पुकारली. ना आरोपी, ना फिर्यादी, ना साक्षीदार. लिंबाखाली कुत्रंसुद्धा नव्हतं.

"कुणीच का आलं नाही?" मी विचारलं.

"पाची मिसली जनवाड्याच्या. आज जनवाड्याचा बाजार." करीमसाबनी चष्मा पुसला. "सोमवारच्या बस्त्याला सोमवारची तारीख मी वीस वर्षांत दिली न्हाई."

त्या पाचांत गुरप्पा होता. साहेबांनी वॉरंटासाठी टाक उचलला. मी उभा राहिलो. "साहेब, चूक माझी आहे. हवालात त्याला नको."

"आरोपी अदालतीपुढे हजर हवा. मी काय करू?"

करीमसाब हळूच म्हणाले, "हुजूर, अदालत मौक्याची जागा बघायला जाऊ शकते. टांगा बाहेरच हाय."

*

दुपारी आम्ही चौघं जनवाड्याच्या बाजारात पोचलो. बाभळीखाली गुरप्पा बसलेला, खांद्यावर दाव्यांचा भारा. पुढ्यात एक गिऱ्हाईक आमच्याकडे पाठ करून दोन्ही हातांनी दावं ओढून बघत होतं.

शरणप्पानं पुकारलं, "गुरप्पा अण्णा, अदालत आलीया."

गुरप्पा भारा सावरत उठला. "साहेब, पेशी ठावं व्हती. पर आजचा बाजार बुडाला तर आठ दिवस घरात काय शिजवू?"

गिऱ्हाईक वळलं. माणिकराव होते.

साहेबांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "तुम्ही फिर्यादी. ज्याला चोर म्हणता, त्याच्याकडूनच दावं घेता?"

माणिकरावांनी दावं पुन्हा ताणून बघितलं. "मग कुणाकडनं घेऊ, साहेब? ह्या मुलखातलं समदं जनावर ह्याच्याच दाव्याला बांधलेलं हाय."

साहेबांनी करीमसाबकडे पाहिलं. ते आधीच एका दगडावर बसून लिहीत होते. शरणप्पानं शाईची डबी उघडली आणि माणिकरावांचा अंगठा धरला.

"हे कशाला?"

"तुमी बोललाव तेवढंच लिवलंय," शरणप्पा म्हणाला. "अंगठा लावा."

"लावतो की," माणिकराव म्हणाले. "पर गुरप्पा, तवर ते दावं दुसऱ्याला देऊ नको."