एका दोरावरची सभा

कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तंबू उभा राहिला, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं, कुणाचं तरी बारसं असावं. प्रत्यक्षात माझा नवरा विलास, सोसायटीचे सेक्रेटरी शिंदेभाऊ आणि मी असे तिघं हिमाचलातल्या एका शिखराची तालीम करत होतो. नकाशावर त्या शिखराला नावसुद्धा नव्हतं, नुसती उंची छापलेली. तिकडे फारसं कुणी जात नाही आणि वारा फार, एवढंच आम्हाला कळलं होतं.

विलासचा गुडघा कुरकुरायला लागला होता आणि डॉक्टरांनी डोंगर आवरते घ्यायला सांगितलं होतं. त्याआधी हे एक शिखर त्याला हवंच होतं. मला तो धडधाकट परत हवा होता. दोन्ही गोष्टी एकत्र जमतील की नाही, हे मला पहिल्या दिवसापासून उमगत नव्हतं.

शिंदेभाऊंना मात्र सगळं स्पष्ट होतं. मूळचे साताऱ्याचे, निम्मा सह्याद्री पायाखाली घातलेले. पण पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळं ठराव करून चालवायची त्यांना सवय.

"वहिनी, वर गेल्यावर डोकं चालत न्हाई," ते म्हणाले. "सगळं हितंच ठरवायचं. सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर!"

गच्चीवर चहा पीत दोन ठराव मंजूर झाले. पहिला, काठीला माझ्या जुन्या साडीची पट्टी बांधायची; वाऱ्याने ती ताठ आडवी झाली की मागे फिरायचं. दुसरा, शंका आली तर बहुमत. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात आम्ही पट्टी धरून पाहिली. ती छान फडफडली, आडवी काही झाली नाही. विलास म्हणाला, "बघ, उगाच टेन्शन घेतेस."

दोराचा सराव तळवलीच्या मागच्या डोंगरात केला. तिथे सरपण घेऊन उतरणाऱ्या एका म्हातारीने मला थांबवलं.

"बाय, यवरा दोर कनाला? पानी कारायचा हाय?" (बाई, एवढा दोर कशाला? पाणी काढायचंय?)

"नाही आजी, मोठ्या डोंगरावर जायचंय."

"वर कय हाय?"

मी जरा विचार केला. "काही नाही. बर्फ."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मोळी सावरून निघून गेली. तिचा प्रश्न माझ्याबरोबर थेट हिमाचलापर्यंत आला.

दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून मनालीची बस, आणि पुढे घाट ओलांडून लाहौलमध्ये उतरलो तेव्हा झाडं संपलीच होती. सगळीकडे तपकिरी डोंगर आणि मध्येच वाटाण्याची हिरवीगार शेतं. एका घरी आम्हाला त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) मीठ-लोण्याच्या चहात कालवून दिला. शिंदेभाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सातूचं पीठच की! फक्त गूळ इसरलेत." मग पिशवीतून गूळ काढून त्यांनी घरातल्या सगळ्यांना वाटला. एसटीडी बूथ मागे मनालीतच राहिला होता, त्यामुळे आता घरी काही कळवायची सोय नव्हती.

सामान वाहायला आणि स्वयंपाकाला दोरजे नावाचा गावातला माणूस सोबत होता. वरच्या तळावर मी त्याला विचारलं, "हवा कम होगी?"

"होगी तो होगी, दीदी."

"और नहीं हुई तो?"

"तो नहीं होगी."

यावरून काय ठरवायचं?

दोरजे तळावर थांबला आणि आम्ही पहाटे निघालो. पुढे विलास, मध्ये मी, मागे शिंदेभाऊ. तिघांच्या कमरेला एकच दोर. जोतीवर (खिंडीला तिकडे जोत म्हणतात) डोकं वर काढलं आणि वाऱ्याने कानाखाली वाजवावी तसा तडाखा दिला. शिखर समोरच होतं, त्याच्या माथ्यावरून बर्फाचा धूर उडत होता. शिंदेभाऊंनी पाठीवरची काठी काढून उभी केली. फट्‌ असा आवाज आला आणि पट्टी गेली. कुठे गेली तेही दिसलं नाही.

आता काय करायचं? पट्टी आडवी झाली तर मागे फिरायचं हे ठरलं होतं. पट्टीच नाहीशी झाली तर काय, यावर ठराव नव्हता.

"आडवी कुठे झाली?" विलास वाऱ्यावर ओरडला. "वर! वर जाऊ या!"

"खाली!" मागून शिंदेभाऊ ओरडले. "एक वर, एक खाली. वहिनी, तुमचं मत? हात करा!"

दोघं माझ्याकडे बघत होते. मला खरंच काही कळत नव्हतं. हा वारा धोक्याचा, की मीच भित्री? या दिवसासाठी विलास किती झुरला होता, ते मी पाहिलं होतं. आणि हात वर करायचा तरी कसा? एका हातात बर्फात रोवलेली चढाईची कुऱ्हाड होती, दुसऱ्यात विलासचा दोर. मी तशीच उभी राहिले.

"वहिनींचं मत न्हाई म्हंजे गणपूर्ती न्हाई," शिंदेभाऊ गरजले. "सभा अर्धा तास तहकूब! अर्ध्या तासानं ह्याच ठिकाणी!"

सोसायटीत दर वेळी माणसं कमी जमतात आणि दर वेळी ते हेच म्हणतात. त्या खिंडीतही आम्ही निमूटपणे एका खडकाच्या आडोशाला तहकूब होऊन बसलो.

विलासने खिशातून चिक्कीचं पाकीट काढलं. हातमोजा काढून ते फाडायला लागला, पण बोटं वळेनात. तो स्वतःशीच हसला आणि काहीतरी बोलला. मला वाटलं वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला, तर थंडीने त्याचे शब्दच बोबडे पडत होते. मी त्याचा हात मोज्यात कोंबला, उभी राहिले आणि उतरायला लागले. माझं मत तेव्हाही पक्कं झालं नव्हतं, भीती मात्र पक्की होती.

"अवो वहिनी, ठराव!"

"ठराव राहू दे. दोर माझ्या कमरेला आहे."

शिंदेभाऊ वळून माझ्यापुढे उतरू लागले. मागचा दोर मात्र ताणला गेला. मी थांबले, वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने तो सैल पडला. विलासने खाली पाऊल टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता. शिखर धुतल्यासारखं उभं होतं, माथ्यावर धूर नाही की काही नाही. पण शिधा संपत आला होता आणि विलासची बोटं सुजली होती. तो शिखराकडे बघत राहिला, मग बुटांच्या नाड्या बांधायला बसला. त्या शेवटी मीच बांधल्या. दिल्लीपर्यंत तो माझ्याशी पाण्याची बाटली मागण्यापलीकडे बोलला नाही. मी खिडकीशी बसून स्वतःला विचारत राहिले, की मी त्याला वाचवलं की नुसतं अडवलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

घरी आल्यावर रविवारी गच्चीवर तंबू आणि दोर वाळत घातला. खाडीचा तोच वारा सुटला होता. विलास दोराची गुंडाळी करत होता. बोटं अजून नीट मिटत नव्हती.

"तू हात का नाही वर केलास गं?" त्याने अचानक विचारलं.

"केला असता तर तुझा दोर सुटला असता."

त्याने दोराचा आणखी एक वेढा घातला.

"मी पण नव्हता केला," तो म्हणाला. "नुसताच ओरडत होतो. माझ्या हातात तुझा दोर होता."

मला ते तेव्हा दिसलंच नव्हतं. मी दोराचं दुसरं टोक उचललं आणि त्याच्या दिशेने गुंडाळत गेले.