तयारी न करता द्यायची परीक्षा

आमच्याकडे दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर पहिल्याला पत्ता लागू न देता जातात. त्यामुळे इथे परदेशात मुलीच्या शाळेत मी जरा ओशाळतच विचारलं, की तुमच्या मानसतज्ज्ञांनी केलेली तपासणी आम्ही बाहेरून पुन्हा करून घेतली तर चालेल का? शाळेतल्या बाई म्हणाल्या, अवश्य, तो पालकांचा हक्कच आहे. तो अहवाल बघूनच वर्गाचं ठरवू. कुणी रागावलंच नाही. भांडायची सगळी तयारी करून गेलेल्या माझी पंचाईत झाली.

प्रश्न वर्गाचाच होता. लेक सात वर्षांची. शाळेचं म्हणणं, ती शिकण्यात मागे पडते, तिला मैत्रिणींमधून काढून वेगळ्या वर्गात बसवावं. माझं म्हणणं, तासाभराच्या भेटीत माझी मुलगी कुणाला कळणार? नवऱ्याचं म्हणणं तो तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातून सुटल्यावर ऐकायला मिळे, आणि ते बहुधा माझंच म्हणणं असे.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटवर आल्या होत्या. जन्मभर स्कॉलरशिपच्या वर्गाला शिकवलेलं. नातीत काही उणं आहे हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की तयारी आलीच. काही तयारी करू नका असं बाहेरच्या तज्ज्ञांनी कळवलंय, हे मी सांगितलं तर म्हणाल्या, अभ्यास केला नाही म्हणणारीच मुलं पहिली येतात. मी ते हसण्यावारी नेलं. त्या मात्र शाळा सुटली की ठोकळे, चित्रं, कोडी घेऊन नातीसमोर बसायच्या.

तोआ पायोहच्या ऑफिसात बाहेरच्या तज्ज्ञ बाई मुलीला आत घेऊन गेल्या आणि थोड्याच वेळात एकट्या बाहेर आल्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतंय, म्हणाल्या. घरी कुणी सराव करून घेतला का? पाठ उत्तरांवरून त्यांना काही लिहिता येणार नव्हतं, आणि वर्ग ठरवायची शाळेची बैठक तर तोंडावर आलेली.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "आय टॉट. हर मिस्टेक नो."

बाई हसल्या. माझ्याकडे दुसरे खेळ आहेत, म्हणाल्या, पण आजींनी मला एक सांगावं, शिकवताना त्यांना काय दिसलं?

झालं, आता कौतुकाचं पुराण सुरू, असं मला वाटलं. पण सासूबाई खाली बसल्या. मग माझ्याकडे बघत मराठीत म्हणाल्या, "नुसतं सांगितलेलं हिच्या डोक्यात राहत नाही गं. आज येतं, उद्या पाटी कोरी. वस्तू हातात दिली, करून दाखवलं, की राहतं. मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. बोलवत नव्हतं."

हे आता मला इंग्रजीत सांगायचं होतं. थोडं गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? फार मोह झाला. पण सगळं सांगितलं.

अहवालात मुलीला मदत लागेल असं स्वच्छ लिहिलं होतं; पण वर्ग तोच ठेवा, सोबत मदतनीस शिक्षिका द्या, आणि नुसतं सांगू नका, करून दाखवा. शाळेनं ते मानलं. लेकीला विचारलं तर म्हणाली, "सेम क्लास? कॅन लाह," म्हणजे इथल्या बोलीत चालेल की, आणि खेळायला पळाली.

सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. मी फोनवर सगळा अहवाल मराठीत करून वाचून दाखवला. खूश झाल्या, मग एकदम त्यांचा आवाज उतरला.

"त्यात माझं बोलणंही आहे?"

"आहे."

"म्हणजे मोठी झाल्यावर वाचेल ती. आजी आपल्याबद्दल असं म्हणाली म्हणून."

"वाचू दे, आई," मी म्हटलं. "आजी रोज घेऊन बसायची, हेही त्यातच लिहिलंय."