अक्काची साक्ष
आमच्या आदिलाबादेत एखाद्या व्यापाऱ्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला, की लोक म्हणायचे, "त्यानं आयपी टाकली." मराठी घर असो की तेलुगू, हा शब्द टपरीवरच्या चहावाल्यालाही ठाऊक. मी वकील तसल्याच खटल्यांचा. कधी बुडालेल्याकडून उभा राहायचो, कधी ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याकडून. व्यापारी चेष्टा करायचे, "वकीलसाहेब, आज कोणाचं शटर पाडता?" मीही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

नव्वदच्या आसपास एक कापसाचा सेठ माझ्याकडे आला. म्हणाला, "अर्जी बना दो." पैसे मागणाऱ्यांच्या यादीत माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं नाव होतं. तो म्हणाला, "बहनजी का बाद में देखेंगे. अभी घर में बोलना मत."

अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही ते आम्हा भावंडांपायी, मला वकील केलं तेही तिनंच. रिटायर झाल्यावरचा सगळा फंड तिनं सेठकडे व्याजानं ठेवला होता. गुडीहत्नूरला प्लॉट होता, त्यावर दोन खोल्या बांधायच्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात राहिलेली बाई ती.

अशिलाची गोष्ट बाहेर फोडली तर सनद जाते. तरी मी फोडली. "अक्का, उद्याच जाऊन पैसे मांग. माहं नाव घेऊ नको."

ती गेली. सेठ आज देतो, उद्या देतो करू लागला, तर त्याच्या गादीसमोर डबा घेऊन तीन दिवस ठाण मांडून बसली. चौथ्या दिवशी त्यानं पैसे मोजून दिले.

दोन महिन्यांनी अर्ज दाखल झाला. मी तेव्हाच ते वकीलपत्र सोडायला पाहिजे होतं. पण सोडलं असतं तर चार लोकांनी काऊन म्हणून विचारलं असतं, अन् तिथंच माझं धाडस संपलं. बाकीच्या घेणेकऱ्यांच्या वकिलानं अक्काचे पैसे परत मागितले. कायदा असा, की अर्जाआधीच्या तीन महिन्यांत व्यापाऱ्यानं आपल्या मर्जीनं एकाचंच भलं केलं, तर ते पैसे काढून सगळ्यांत वाटायचे, अन् व्यापाऱ्याचीही कर्जातून सुटका अडायची. पण घेणाऱ्यानं मागं लागून, भांडून वसूल केले असतील तर ते त्याचे राहतात. म्हणजे अक्कानं फक्त खरं सांगायचं होतं. मी तिला घरी दहादा पढवलं.

"अन् कोणं सांगतलं होतं, असं विचारलं तं?" ती म्हणाली.

"पाहू मंग," मी म्हणालो. काय पाहू, डोंबल!

पेशीच्या दिवशी ती साक्षीदाराच्या कठड्यात उभी राहिली. समोर मी, माझ्या बाजूला सेठ. आमचं नातं गावाला ठाऊक होतं, घेणेकऱ्यांच्या वकिलाला तर मीच गोष्ट फोडल्याचा वासच लागला होता. त्यानं तेलुगूत विचारलं, "इतकी वर्षं पैसे तिथं होते. अर्जाआधी नेमकं तेव्हाच मागायला का गेलात? कोणी सांगितलं?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग जज्जसाहेबांकडे वळून स्वच्छ तेलुगूत म्हणाली, "मी मागायला गेलेच नाही. सेठजी स्वतः घरी आले. मी दवाखान्यात त्यांच्या आईचं केलं होतं, म्हणून माझे पैसे त्यांनी आधी दिले."

दोन्ही खोल्या तिनं एका वाक्यात घालवल्या होत्या, अन् त्या माझ्यासाठी घालवल्या होत्या.

सेठनं मला कोपरानं ढोसलं. "झूठ बोल रही है. तीन दिन बैठी थी दुकान पे. पूछो ना!"

जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, तुम्हाला काही विचारायचंय?"

एकच प्रश्न पुरला असता. मी उठलो. अक्का कठड्यातून हळूच मान हलवत होती, नको म्हणून.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो आणि खाली बसलो.