शून्याच्या बटणावर काय ठेवायचं?

"अहो, समोरचे भास्करराव म्हणे काल स्वतःच्या तोंडानं…" जिन्यात एवढंच ऐकू आलं आणि वरच्या बाईनं मिक्सर लावला! आमच्या नाशिकच्या या बिल्डिंगमध्ये किस्से असेच अर्धे हाताला लागतात. उरलेला अर्धा आणायला वाटी घेऊन जावं लागतं. मी विरजण मागायला निघाले.

भास्करराव मूळचे सायखेड्याचे. मार्केटात भाजीचा लिलाव पुकारायचे. आवाज असा, की ते घरात फोनवर बोलले तरी टोमॅटोचा भाव आम्हाला कळायचा! मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द निघत नाही, अक्षरंही जुळत नाहीत. सुमनवहिनी विचारत राहायच्या, "पाणी? चहा? पंखा लावू?" ते मान हलवून हलवून शेवटी भिंतीकडे तोंड करून बसायचे. बघवत नसे.

*

त्यांची लेक पल्लवी कॉम्प्युटरवाली. तिनं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि नुसत्या आकड्यांचा छोटा कीपॅड बाबांच्या डाव्या हाताशी ठेवला. बटण दाबलं की तिनं स्वतःच्या आवाजात भरलेलं वाक्य वाजणार. खुणेला बटणांवर वहिनींच्या टिकल्या. लाल चहाची, हिरवी पाण्याची.

"लिनक्सच का गं?" मी विचारलं.

"काकू, त्याला आपण सांगू तसं ते ऐकतं."

वहिनी आतून म्हणाल्या, "चला, या घरात कुणीतरी ऐकणारं आलं!"

*

घरी न्हावी आला, तर भास्कररावांनी निळी टिकली दाबली. "मला दाढी करायची आहे!" न्हावी वस्तरा धरून पल्लवीकडेच बघत राहिला! झटक्यानंतर भास्करराव त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

*

एकदा सकाळपासून एकही बटण बोलेना. भास्कररावांच्या डोळ्यांत पाणी. वहिनींनी घाबरून पल्लवीला ऑफिसात फोन लावला.

"आई, नम लॉकचा दिवा बघ. तो बंद असला की सगळी बटणं मुकी."

वहिनींनी पदरानं कीपॅड पुसला, तेव्हाच ते बटण दाबलं गेलं होतं! आता त्या देवाच्या दिव्याआधी तो दिवा बघतात.

*

सगळ्यात मोठं बटण शून्याचं. त्यावर काय ठेवायचं?

"औषध?" नाही. "टीव्ही?" नाही. मी म्हटलं, "'या काकू, बसा' ठेवा की!" त्यावर तर मान सगळ्यात जोरात हलली!

शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे वहिनी भाकऱ्या थापत होत्या. पल्लवीला कळलं. तिनं एका जुन्या लग्नाच्या व्हिडिओतून बाबांचाच आवाज काढला आणि शून्यावर बसवला : "अगं सुमन, जेवलीस का?"

*

तर मी वाटी घेऊन गेले. "भास्करराव बोलले म्हणे?"

"कुठलं हो!" वहिनी म्हणाल्या. "काल त्यांनी शून्य दाबलं, ते जिन्यात कुणी ऐकलं असेल." आणि विरजण आणायला आत गेल्या.

भास्करराव खुर्चीत, मी समोर. तेवढ्यात आवाज आला, जाड, अर्धाच. "अगं… सु…"

"जेवले हो मघाशीच!" वहिनी आतून म्हणाल्या.

मी कीपॅडकडे बघितलं. नम लॉकचा दिवा बंद होता.